दोडामार्गाला दिलेली आत्या

आत्या छातीच्या गाठीनं गेली तेव्हा मी दहावीत होतो. शेवटच्या चतुर्थीला ती दोडामार्गाहून माहेरी आली, डावा हात अंगाशी धरून नारळ खवत बसली. पदराला वास येत होता; आम्ही पोरं लांब सरकलो. ती गेल्यावर घरात एकच बोललं गेलं: तिच्या सासरचा राखणदार देवचार कोपला, त्याला द्यायचा कोंबडा चुकला. आमचा काय संबंध?

दोन हजार चारमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला गाठ निघाली. लग्न न करता ती आमच्याकडेच राहायची, शाळेत शिकवायची. डॉक्टरांनी विचारलं, "कुटुंबात आधी कोणाला?" मी ठणकावून सांगितलं, "आमच्यात कोणाला नाही." खोटं बोललो नाही हो. दिलेली लेक सासरची, तिचं दुखणंही सासरचं, हेच आम्ही मानत आलो. गाठ काढली, औषधं झाली, बहिणीचे केस परत आले. सुटलो म्हटलं.

चार वर्षांनी दुसऱ्या बाजूला निघाली. या वेळी गोव्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आमची वंशावळच काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

"वडिलांना बहिणी?"

"एक होती. पण ती दोडामार्गाला दिलेली." कशानं गेली तेही सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. "लग्न करून दिली म्हणून रक्त बदलतं का हो?" त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

बहिणीचं रक्त मुंबईला गेलं. जनुकात दोष निघाला, वडिलांकडून आलेला. आधी कळलं असतं तर उपचार वेगळे ठरवले असते, कदाचित दुसरी बाजूही तेव्हाच काढली असती, असं बाईंनी समजावलं. अक्कल शेण खायला गेली होती माझी. तेव्हापासून आत्या आमच्या घरात वावरते. स्वयंपाकघरात खवणीचा आवाज आला की मी उठून बघतो. बायकोच असते, तरी भीती जात नाही.

मग माझंही रक्त तपासलं. माझ्यातही तेच.

तोवर खाटेला खिळलेली बहीण म्हणाली, "दादा, माझा जावंदे. चेडवाक सांग. आजच सांग."

एकोणीस वर्षांची माझी मुलगी. मी आज-उद्या करत दोन महिने काढले. तेवढ्यात बहीण गेली. बारावं झाल्यावर मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे माका आसला तर ता तुमच्याकडसून इला?"

"होय."

"आणि तुमका कधीपासून म्हायत आसा?"

"अडीच महिने."

तिनं माझ्या बहिणीच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "आत्ये आसताना सांगूचा होता, बाबा. भीती वाटता तेव्हा काय करूचा, ता आता मी कोणाक इचारू?"