अजैब सिंगने निवडलेला दिवा

कालव्याच्या पुलावर माझं सायकलीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप आणि मी. गेजाचं तोंड फाटकं, असं आमच्या गावात लहान पोरंसुद्धा म्हणतात, आणि खोटं नाही ते. गिऱ्हाईक असो की सरपंच, मी तोंडावर बोलून मोकळा होतो. एकदाच खोटं बोललो. अजैब तायाच्या पोरीसाठी बोललो, असं अजूनही स्वतःला सांगत असतो.

अजैब सिंग नात्याने माझा कुणी नव्हता. वडिलांपेक्षा थोरला म्हणून ताया म्हणायचो. जमीन गुंठाभर नाही, म्हणून तिशीच्या आत लुधियान्याच्या स्वेटरच्या कारखान्यात इस्त्रीवर लागला आणि तिथेच म्हातारा झाला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाफेचे डाग. रोज बारा किलोमीटर जायचं, बारा यायचं, तेही कालव्याच्या रस्त्याने, जिथे एक खांब नाही. आमच्या गावचे चाळीसेक जण त्याच वाटेने सायकलींवर कामाला जातात. स्वेटरचं काम जोरात असतं ते थंडीत, आणि थंडीत आमच्याकडे धुकं असं पडतं की स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक दिसत नाही. त्यात उसाच्या ट्रॉल्या. दरवर्षी एखादा जातो. चार दिवस लोक हळहळतात, पाचव्या दिवशी पुन्हा तसेच अंधारात निघतात.

त्या वर्षी तायाची मुलगी वीरपाल कारखान्यात शिलाई मशीनवर लागली. तायाने तिला जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. गावातल्या बायकांनी जिभा चालवायच्या त्या चालवल्या. तायाने कान दिला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: पोरगी धुक्यातून घरी आली पाहिजे.

दिवाळीनंतर पहिलं धुकं पडलं तेव्हा तो दुकानात येऊन म्हणाला, "गेजा, दिवे दाखव. स्वस्तातले, पण चालणारे."

मी डायनामो काढून दिला. सेलचा खर्च नाही, चाक फिरलं की दिवा लागतो. तायाने तो हातात फिरवला आणि विचारलं, "आणि पुलाच्या चढावर उतरून सायकल ढकलत चाललो की?"

"मग मंदावतो."

"उभा राहिलो की?"

"विझतो. उभ्या माणसाला कशाला हवाय दिवा?"

"अरे, उभ्या माणसालाच तर हवाय! पळणारा निदान पळतो तरी."

मग मी चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या काढल्या. सगळ्यात स्वस्त. ताया म्हणाला, "ही दुसऱ्याच्या उजेडावर जगणार. अर्ध्या ट्रॉल्यांना पुढचा दिवाच नसतो. ही काय चमकणार, माझं कपाळ?"

पुढचा पांढरा टॉर्च त्याने एका संध्याकाळी लावून पाहिला. धुक्यात प्रकाश भिंतीवर आपटल्यासारखा परत डोळ्यांत आला. टॉर्च माझ्या हातात देत तो म्हणाला, "हा नको. रस्ता मला पाठ आहे, गेजा. मागून येणाऱ्याला मी पाठ नाही."

शेवटी राहिले ते मागचे लाल, सेलवर लुकलुकणारे. दिल्लीहून तीन तऱ्हेचे आणले होते. आता माणसाने एक उचलावा आणि जावं. पण नाही! पाच संध्याकाळी तो पुलावर आला. मला दिवा धरून कठड्याशी उभं करायचा आणि स्वतः पावलं मोजत धुक्यात मागे जायचा. मग आतून ओरडायचा, "आता दिसतोय! आता नाही! जरा वर धर!" दुकानात पंक्चरवाले ताटकळत उभे आणि मी कठड्याला पुतळा.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हणालो, "ताया, दिवा घेताय की जावई शोधताय?"

तो धुक्यातून बाहेर आला. हसला नाही. "जावई खोटा निघाला तर पोरगी माघारी येते," म्हणाला. "दिवा खोटा निघाला तर येत नाही."

मी पुन्हा कठड्याशी जाऊन दिवा वर धरला.

त्याने मधल्या किमतीचा निवडला. सर्वांत जास्त पावलांवरून तोच दिसला होता. दोन घेतले, एक तिच्या सायकलला, एक आपल्या. आणि अजैब सिंगने पाच दिवस पारखून निवडलाय म्हटल्यावर बाकीच्यांनी विचारसुद्धा केला नाही. पंधरा दिवसांत चाळीस सायकलींना तोच दिवा मी माझ्या हाताने लावला. सकाळी पुलावरून ती लाल लुकलुकती रांग जाताना पाहिली की मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा.

पौषातली ती संध्याकाळ. सगळे पुढे निघून गेले होते. वीरपालच्या सायकलची हवा गेली म्हणून बापलेक मागे राहिले आणि सायकल ढकलत साडेसहाच्या सुमाराला माझ्याकडे पोचले. तायाला ताप होता. माझ्या शेगडीपाशी बसला होता, तरी दात वाजत होते. मी पंक्चर काढलं. वीरपालने अंगावरची जाड लोकरीची लोई, अंगभर येणारी शाल, काढली आणि बापाच्या खांद्यावर टाकली.

"मला नको," ताया कुरकुरला. "सायकलवर लोई सावरत नाही."

"बापू, गप्प बसा. हट्ट पुरे झाला."

तो सायकलवर बसल्यावर मीच म्हणालो, "अगं, कंबर उघडी पडलीय त्यांची. मागून खाली ओढ."

तिने ओढली, कॅरियरच्या खालपर्यंत. आम्हा दोघांना समोर फक्त कुडकुडणारा म्हातारा दिसत होता.

"नवरदेव दिसताय, ताया," मी म्हणालो.

"तुझ्या तोंडाला काही औषध नाही," तो म्हणाला. हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

वीरपाल पुढे, ताया मागे, असे ते निघाले. मी सवयीने बघत राहिलो. पोरीचा दिवा तायाच्या आड गेला, आणि त्याच्या मागे लाल काही दिसलं नाही. धुकं आहे, म्हटलं. पण आदल्या दिवशी तेवढ्याच धुक्यात निलगिरीच्या झाडांपर्यंत दिवा दिसला होता. सेल संपले असतील, उद्या बदलून देऊ. एवढा विचार केला आणि शेगडी विझवायला आत गेलो. हाक मारली असती तर? एक हाक. एरवी दिवसभर ओरडणारा मी.

आवाज ऐकून धावलो. निलगिरीच्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी उभी होती. ट्रॅक्टरवाला डोक्याला हात लावून एकच बोलत होता, "दिसलाच नाही हो, वाहेगुरूची शपथ, दिसलाच नाही." वीरपाल रस्त्यात बसली होती, बापाचं डोकं मांडीवर घेऊन. सायकल गवतात पडली होती. मी ती उचलली. लोई कॅरियरला गुंडाळली गेली होती, ती सोडवली. खाली दिवा लुकलुकत होता. विकला त्या दिवशी होता तसाच, लख्ख.

मी बटण दाबून तो विझवला, काढला आणि खिशात घातला.

ताया शहरातल्या इस्पितळापर्यंतसुद्धा पोचला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुरुष त्यांच्या अंगणात सतरंजीवर बसलो होतो. वीरपाल आतून आली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "चाचा, बापूचा दिवा लागत होता का?"

तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. खरं सांगायचं म्हणजे तिला सांगायचं, की पोरी, तुझ्या हातानेच झाकलास. मी म्हणालो, "नाही. विझला होता. माझा मालच खोटा निघाला."

ती आत गेली. दलबारा, तायाच्याच खात्यात इस्त्री करणारा, उठून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "म्हातारा पाच दिवस तुझ्यासमोर पावलं मोजत होता, आणि तू त्याच्या गळ्यात कचरा मारलास? लाज नाही वाटली?"

मी मान खाली घातली. म्हटलं, शिव्या पडू देत. माझं काय जातंय? पोरगी वाचली.

इतका मूर्ख माणूस तुम्ही पाहिला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दलबाराने पुलावर थांबून सायकलचा दिवा उपटला आणि माझ्या दारात फेकला. त्याच्यामागून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दोन दिवसांत माझ्या लाकडी पेटीत चाळीस दिवे जमा झाले, आणि चाळीस माणसं पहिल्यासारखी काळोखात जाऊ लागली. मी ओरडायचो, "अरे, तेवढा एकच खोटा होता! बाकीचे चांगले आहेत!" दलबारा जाता जाता म्हणायचा, "मरणाऱ्याला आधी सांगायचं होतंस." आणि प्रत्येकाच्या अंगावर लोई, मागे खालपर्यंत सोडलेली.

रोज पहाटे ठरवायचो, आज खरं सांगतो. मग वाटायचं, संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार. दहा जणी तिच्या दारात जाऊन तिला कुरवाळत विचारणार, तूच टाकलीस का गं लोई? मग पंप उचलून कामाला लागायचो. संध्याकाळी ते चाळीसही परत आलेले मोजले की मी घरी जायचो.

दहाव्या दिवशी गुरुद्वाऱ्यात तायाच्या नावाच्या पाठाची समाप्ती झाली. अकराव्या दिवशी सकाळी, बाकीचे यायच्या आधी, वीरपाल सायकल घेऊन माझ्या दुकानासमोर उभी राहिली. कामावर निघाली होती. लोईचं टोक तिने कंबरेला गाठ मारून वर बांधलं होतं. मागे दिवा चालू होता. तिने तो काढलाच नव्हता.

"चाचा," ती म्हणाली, "बापूच्या दिव्यात काही खोट नव्हती."

मी पाना खाली ठेवला.

"तुम्ही लोई सोडवलीत, बटण दाबलंत, खिशात घातलंत. मी तिथेच तर बसले होते."

"मग त्या दिवशी विचारलंस कशाला गं?"

तिने लोईची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "वाटलं, तुम्ही दुसरं काहीतरी सांगाल. सांगितलंत. दोन-तीन दिवस मी त्यावर विश्वास पण ठेवला. रात्री झोप लागली तेवढी." तिचं लक्ष माझ्या दारातल्या पेटीकडे गेलं. "हे काय?"

"परत दिलेत लोकांनी."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

ती पेटीपाशी वाकली. वरचा एक दिवा उचलून बटण दाबलं. लागला. दुसरा दाबला, तोही लागला. तेवढ्यात धुक्यातून घंट्या ऐकू आल्या. गावाकडून मंडळी येत होती. मी तिचा हात धरला. म्हणालो, "तू जा पुढे. मी सांगतो त्यांना. मी सांगतो काहीतरी."

"पुन्हा काहीतरीच ना?" ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

रस्त्याच्या मधोमध तिने सायकल आडवी लावली. सगळ्यात पुढे दलबारा होता. करकचून ब्रेक लावून तो म्हणाला, "बाजूला हो पोरी. उशीर होतोय."

"बापूचा दिवा लागत होता," वीरपाल म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "त्याच्यावर लोई मी टाकली. मी. तुमचे दिवे चांगले आहेत. ते लावा आणि लोया वर बांधा."

तायाचं ते "आता दिसतोय" कानात घुमत होतं की काय कोण जाणे, पण मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "खाली ओढ असं तिला मी सांगितलं. दिवा विझवला मी. खोटं बोललो मी. तुम्ही आठवडाभर अंधारात गेलात ते माझ्यामुळे." एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. आयुष्यात कधी त्या रस्त्यावर रडलो नव्हतो.

दलबारा सायकलवरून उतरला. मला वाटलं, मारतो आता. त्याने सायकल स्टँडला लावली, वीरपालच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला. मग स्वतःच्या लोईचं टोक वर घेऊन कंबरेला बांधलं आणि पेटीतला एक दिवा उचलून माझ्या हातात दिला. "लाव," म्हणाला.

चाळीस दिवे परत बसवायला मला एक तास लागला. वीरपाल मला स्क्रू हातात देत होती. त्या दिवशी सगळे उशिरा पोचले आणि कारखान्यात प्रत्येकाची अर्धी हजेरी कापली गेली. मला कुणी त्याबद्दल काही बोललं नाही.