एका ओळीचा निरोप

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. दिल्लीत आर. के. पुरमला त्या बॅग घेऊन मेट्रोत चढल्या आणि फोनवरचं माझं मराठी ऐकून शेजारी येऊन बसल्या. वय पन्नाशीचं, एका सरकारी खात्यात बावीस वर्षं अनुवादक. हातातला फोन उघडत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा उघडत होत्या. शेवटी त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"जरा बघता का? नागपूरला माझ्या बहिणीचे मिस्टर गेले. हे मी लिहिलंय आणि हे एआयने सुधारून दिलंय. कुठलं पाठवू?"

त्यांचं एकच वाक्य होतं, 'ताई, मी निघालेय, दुपारपर्यंत पोचते.' त्याखाली चार सुबक ओळी होत्या.

"तुमचंच पाठवा," मी म्हणालो.

"नक्की ना?" त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "पूर्वी माझ्या मसुद्यावर साहेब न वाचता सही करायचे. आता सगळं आधी याला दाखवायचं. ते मोठी चूक काढत नाही हो, दर वेळी थोडंसंच सुधारतं. त्या थोड्याशानेच माझा स्वतःवरचा भरवसा गेला."

विमानतळाचं स्टेशन आलं तेव्हा त्यांनी आपलीच ओळ पाठवली.

"तुम्ही म्हणालात म्हणून पाठवली," असं म्हणून त्या घाईने उतरल्या.

मला मात्र चैन पडेना. त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर, आणि दहा मिनिटांपूर्वी त्या मला ओळखतही नव्हत्या.