सूनबाईंचा तास

घर जागं व्हायच्या आधी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर तिचा तास भरायचा. विद्यार्थिनी तीच, मास्तरीणही तीच, आणि दारावर पहारा सासूबाईंचा. नवरा डोळे चोळत "चहा?" म्हणाला की त्या आपल्याच लेकाला हटकायच्या, "तास चालू आहे तिचा. ठेव आपला आपण."

ती एका स्टुडिओत फोटोंचं रिटचिंग करायची. नवरीच्या गालावरचा मुरुम असो की आजोबांच्या डोळ्यांखालची वर्तुळं, तिच्या हाताखालून गेली की गायब. पण आता लोक आपापल्या फोनवरच गोरेगोमटे होऊ लागले होते, आणि मालक महिनाअखेरीस शटर कायमचं खाली ओढणार होते. दिराने ओळखीच्या दुकानात काउंटरवरची नोकरी बघून ठेवली होती. नोकरी वाईट नव्हती. फक्त तिथे तिच्या हातांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तिला सोसवणार नव्हतं.

म्हणून स्टुडिओ बंद होण्याची कुणकुण लागल्यापासून तिने रोजचा तास धरला होता. पुस्तकं वाचायची, व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी कामाच्या जागी जाऊन सरळ विचारायची, "बसून बघू का?" चष्मेवाल्याकडे तिला जांभया आल्या, छापखान्यात डोकं उठलं. कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये मात्र बारीक ब्रशने दातावर रंग चढवताना पाहिलं आणि ती तिथून हलेचना. पुढच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या.

हात बसलाय असं दिसल्यावर लॅबवाल्यांनी एका शिक्षिकेचा पुढचा दात तिला करायला दिला. जमला तर नोकरी पक्की. तिने जीव ओतला. दात असा झाला, नुसता मोत्यासारखा! लॅबवाल्यांनी तो शिक्षिकेच्या दातांच्या फोटोशेजारी ठेवला.

"सुंदर आहे. पण त्यांच्या तोंडात हा एकटाच पाहुणा वाटेल हो."

तिचा चेहरा उतरला. बघताच चूक कळली होती. जन्मभर लोकांचे डाग पुसले, इथेही हात आपसूक पुसत गेला. लॅबवाले म्हणाले, "आणखी एकदा करा. पण आता शेवटचं."

दुसऱ्या दिवशी तासाला तिने सासूबाईंनाच खिडकीपाशी बसवलं. "आ करा."

"अगं, लग्न ठरवतानासुद्धा एवढं तोंड उघडून कुणी बघितलं नव्हतं मला!"

हिरडीजवळ पिवळसर झाक, मध्ये केसाएवढी चीर, कडेला चहाचा तपकिरी वण. एरवी हे सगळं तिने बघताक्षणी पुसलं असतं. आता ती ते रंगवायला शिकत होती. चार दिवस सासूबाई रोज उजेडात तोंड उघडून बसल्या आणि नवऱ्याने चहा बिनबोभाट स्वतः केला.

मग तिने शिक्षिकेचा फोटो समोर घेतला आणि त्यांचेच डाग, त्यांचीच चीर नव्या दातात उतरवली. त्यांच्या जबड्याच्या साच्यात बसवून लॅबवाल्यांपुढे ठेवताना तिला भीती वाटली नाही. आपलं काम चांगलं झालंय हे तिला ठाऊक होतं.

त्यांनी साचा उजेडात धरला, उलटसुलट केला. मग दुसरा साचा तिच्यापुढे सरकवला.

"हे गृहस्थ सिगारेट ओढतात."

तिने ब्रश उचलला. "किती वर्षं झाली?"