पावडरमिस्त्री

मोडनिंबला हमरस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आत शिरलं की डिझेलच्या आधी अंगाला लावायच्या पावडरीचा वास यायचा. म्हणून आम्ही त्याला पावडरमिस्त्री म्हणायचो. मूळचा अक्कलकोटकडचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. शिव्या कानडीत, समजावणं मराठीत.

जुन्या गाडीचं तेल गळायला लागलं की दुसरे मिस्त्री दिसेल तिथं लुकण फासायचे. हा आधी इंजिन डिझेलनं धुवायचा, फडक्यानं कोरडं करायचा आणि बाळाला लावावी तशी पावडर मारून गाडी चालू करायचा. पांढऱ्यावर ओली रेघ उमटली की गळती सापडली. "तेल सांडतंय तितं भोक नसतं रं. वर बघ," म्हणायचा.

माझी जीप बावीस वर्षं त्यानंच सांभाळली. पण पोरानं अंगणात नवी फरशी घातली आणि बजावलं, "आबा, एक डाग पडला तर जीप भंगारात." माझे गुडघे गेलेले. जीप गेली असती तर मला बाज आणि समोरची भिंत, एवढंच उरलं असतं. मिस्त्रीनं तीन ठिकाणची गळती बंद करून दिली. तरी इंजिनाखाली लोंबणाऱ्या एका रबरी नळीतून थेंब पडायचा. मी शाळा तिसरीपर्यंतच शिकलो, पण एवढ्या नळीसाठी त्याला काय विचारायचं? बाभळीची खुंटी तासली आणि ठोकली नळीत.

दोन दिवस फरशी कोरडी. तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या पुलीमागचं, तेल अडवणारं रबरी सील फाटलं आणि अंगणात काळं तळं झालं. पोरगं ओरडत आलं. तोवर मी खुंटी उपसून खिशात घातली होती.

"मिस्त्रीनं काम बिघडवलं," मी म्हणालो.

मिस्त्री आला. त्यानं नळीत बोट फिरवलं. बाभळीची कपची निघाली. पोरगं घरात गेलेलं बघून हळूच बोलला, "इंजिनाचा श्वास हाय ह्यो. हितं कोंडला की दुसरीकडनं फाडून भाईर येतोय. पोराला सांग की, आबा."

"तू सील बसव."

"आदी सांग."

"न्हाय सांगत."

त्यानं पिशवी उचलली आणि गेला.

चार दिवस जीप तशीच उभी. पाचव्या दिवशी भंगारवाला येऊन चाकांना लाथा मारून बघून गेला. उद्या न्यायला येतो म्हणाला. मी जेवलो नाही, पण बोललोही नाही. त्याच दुपारी मिस्त्री आपणहून आला, सील घेऊन. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गाडीनं काय केलंय?" आणि पाठीवर झोपून खाली सरकला.

पोरगं दारात आलं. "या खेपेला तरी नीट बसवा, मिस्त्री. मागं वाट लावली तुम्ही."

खाली पान्हा थांबला. तो माझी वाट बघत होता. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"व्हय, मालक," खालून आवाज आला. पान्हा पुन्हा फिरायला लागला.

काम झाल्यावर त्यानं पावडर मारून दाखवली. ओली रेघ कुठंच नाही. चहा मात्र घेतला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पुढं त्याचे डोळे अधू झाले, गॅरेज बंद करून तो लेकीकडे गेला. मी निरोप द्यायलाही गेलो नाही. गेलो असतो तर त्यानं तेच विचारलं असतं.

परवा तो गेल्याची बातमी आली. पोरगं शेजाऱ्याला सांगत होतं, "माणूस बरा होता, पण दम दिल्याशिवाय नीट काम करायचा नाही." मी जीपमध्ये बसलो होतो. काचा खाली होत्या, सगळं ऐकू येत होतं. मी किल्ली फिरवली. इंजिनाच्या आवाजात निदान पुढचं तरी ऐकू येणार नव्हतं.