परतूरचा पुसलेला ठिपका

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या अख्ख्या प्रबंधाचा जीव परतूरच्या एका गणिताच्या सरांच्या मेमरी कार्डात अडकला होता. सहा वर्षं मी एकच प्रश्न धरून बसलेय. श्वेत बटू (जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा) फुटतो तेव्हा त्याच्या शेजारी जोडीदार तारा असतो का? असला तर स्फोटाचा लोट त्याच्यावर आदळतो आणि पहिले काही दिवस निळसर उजेड जास्त दिसतो. नंतर सगळंच सारखं. यंदा असा एक तारा फुटला आणि नेमके ते दिवस आमच्या दुर्बिणीवर ढग. मग कळलं की शोध लागायच्या आदल्या रात्रीच परतूरच्या या खरात सरांनी तो तारा असलेल्या दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाचा) फोटो काढला होता. फोनवर म्हणाले, "इथं नेटचं काही खरं न्हाई. तुम्हीच या, कार्ड देतो."

जालन्यापर्यंत बस, पुढे रेल्वे. दोन्ही बाजूंना अर्धवट वेचलेला कापूस. गाडी मध्येच तासभर रखडली. शेजारच्या मावशींनी विचारलं, "कोनाकडं चाललात?"

"एका सरांकडे. ताऱ्याचा फोटो आणायला."

"फोटो तं मोबाईलवर बी येतो की, बाई."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

सर स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. कापसाच्या टेम्पोमागे रांगत घरी पोचलो. वहिनींनी धपाटे (मिश्र पिठाच्या, तिखट-मीठ घालून थापलेल्या भाकऱ्या) आणि दही पुढे ठेवलं. मी अधाशासारखे तीन खाल्ले, कारण फोटो मिळणारच होता.

मग सरांनी कार्ड लॅपटॉपात घातलं. दीर्घिका सुरेख आली होती. तारा असायला हवा तिथे मात्र नुसतं काळं, स्वच्छ आकाश.

"सर, इथे एक ठिपका हवा."

"होता की. मला वाटलं कॅमेऱ्याचा दोष. शाळेत लावायला फोटो मोठा करून राह्यलो होतो, तर तो डाग लई खटकला. बिलकुल साफ केला." त्यांना शाबासकी हवी होती.

"आणि मूळ फोटो?"

"लॅपटॉपात जागा न्हवती, काढून टाकला. कार्ड मंग स्नेहसंमेलनाला वापरलं. हा साफ केलेला तेवढा परत कार्डात ठेवला."

कार्डावर पुसलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर लावून मी बसले. दोन तासांत लेझीम निघालं, बक्षीस समारंभ निघाला. तारा नाही. मग माझा तोल गेला. "सहा वर्षं घातली मी यात, तो ठिपका निळा आहे का एवढंच बघायचं होतं, आणि तुम्ही डाग म्हणून पुसलात?" वहिनी दारातून मागे सरकल्या. माझी मलाच लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

स्टेशनवर सोडताना ते हळूच म्हणाले, "ताई, ठिपका निळा असला तर तुमचं काम होतं का?"

"हो."

"मंग निळा होता असं लिहून देतो. सही करून."

"खरंच निळा होता का, सर?"

ते रुळांकडे बघत म्हणाले, "आठवत न्हाई. मी नीट पाह्यलाच न्हाई."

खोटं कशाला सांगू, क्षणभर तो कागद घ्यावासा वाटला. एवढ्या सज्जन शिक्षकाची सही, कोण शंका घेणार होतं? पण मी नको म्हणाले. गाडी हलली तरी ते फलाटावर तसेच उभे होते.

पुण्याला येऊन प्रबंधातलं ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. तो उजेड कोट्यवधी वर्षं चालत परतूरपर्यंत पोचला होता, एका माणसाने जपून टिपलाही होता, आणि त्याच माणसाने फोटो चांगला दिसावा म्हणून तो काढून टाकला. चूक म्हणावी तर त्यात वाईट हेतू नाही, आणि तरी भरून येणार नाही. मी लिहिलं, "जोडीदार होता किंवा नाही, हे सांगता येत नाही." तो तारा एकटाच फुटला की कुणाच्या सोबतीने, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.