डोंबिवलीतला वन्स मोअर

धाडसाची जागा दिसली की मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतो. सरकारी कचेरीत कारकून होतो. साहेबांची बेल वाजली की आधी आपली चूक आठवायची आणि मग उठायचं, ही सवय. असा माणूस रशियन शिकला, कारण संध्याकाळचा तो वर्ग फुकट होता आणि तिथे नवा पंखा होता. घरी पंख्याखालची जागा वडिलांची होती.

त्यामुळे ऐंशीच्या दशकात एक रशियन कवी डोंबिवलीत कविता सादर करायला येणार असं ठरलं, तेव्हा दुभाषा म्हणून मलाच पुढे ढकललं गेलं. दुपारचं जेवण आमच्या खोपटच्या घरी आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम. कवीच्या सोबत त्यांच्या सरकारचा एक गृहस्थ होता. तो पाहुण्याची काळजी घ्यायला आलाय, असं आम्हाला सांगितलं होतं. कवी पाणी प्यायला तरी तो बघायचा.

जेवताना त्या गृहस्थाने पुऱ्यांचा फडशा पाडला. बायकोने मला मराठीत विचारलं, "अहो, या टकल्याला अजून दोन पुऱ्या वाढू, की परातच पुढे ठेवू?"

"दो काफ़ी हैं, भाभीजी," गृहस्थ म्हणाला आणि हसला. हिंदी शिकलोय, त्यामुळे मराठीही बरीच समजते, असं त्याने शांतपणे सांगितलं. बायको लाजून आत गेली. मी मात्र त्याच्यासमोर सकाळपासून काय काय बोललो होतो ते आठवत बसलो.

जेवण झाल्यावर कवी हात धुवायला मोरीत आला आणि मला डोळ्यांनी बोलावलं. त्याने आधी नळ पूर्ण सोडला. त्यांच्याकडे काही खासगी बोलायचं तर पाण्याचा आवाज करतात म्हणे. आमच्या नळाला दुपारी पाणी नसायचं. नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला. कवी त्याच्याकडे असा बघत राहिला की मला स्वतःच्या घराची लाज वाटली. मग बायकोनेच कळशीतून त्याच्या हातांवर पाणी ओतायला घेतलं. तो हात मागे घेईना, म्हणून ती ओतत राहिली आणि तो दबल्या आवाजात बोलत राहिला.

तरुणपणी तो कारखान्यांच्या फाटकांपाशी, ट्रकच्या हौद्यात उभा राहून कविता म्हणायचा. पुढे मोठे मंच मिळाले. मग एक कविता वरच्या कुणाला तरी खुपली आणि मंच बंद झाले. काही हिवाळे त्याने एका इमारतीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकून काढले. आता कुठे पुन्हा परवानगी मिळाली होती. हा पहिलाच परदेश. इथे काही वेडंवाकडं झालं, तर परत फावडंच हातात येणार, आणि या वेळी कायमचं.

हे ऐकून मी म्हटलं, मग काही वेडंवाकडं करूच नका. माझ्यासारख्याला दुसरं काय सुचणार?

त्याचा धाकटा भाऊ डोंगरातल्या लढाईवर गेला होता. तो जस्ताच्या बंद शवपेटीतून घरी आला. आईला ती पेटी उघडू दिली नाही. त्याच्यावर कवीने एक कविता केली होती. ती तिकडे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती आणि आजवर ती कुणीच ऐकली नव्हती.

"एकदाच म्हणेन," तो म्हणाला. "लोकांना कळली नाही तरी चालेल. समोर माणसं हवीत. शेवटी तेवढा वेळ माझ्यासोबतच्या त्या माणसाला बाहेर ठेवा."

कळशी रिकामी झाली होती. मी मान हलवली. ती होकाराची होती की भीतीची, हे मलाही सांगता आलं नसतं.

शीळफाट्यामार्गे डोंबिवली येईपर्यंत ताप आल्याचं सांगून परत फिरावं का, याचाच मी विचार करत होतो. कार्यक्रम मात्र रंगला. कवी कागद न घेता, कधी कुजबुजत तर कधी गर्जत कविता म्हणायचा आणि मागून मी तयार भाषांतर वाचायचो. शेवटाला आलो तसं मी कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांना खूण केली. पाहुण्याला वडे खिलवा, एवढंच त्यांना सांगून ठेवलं होतं; ते त्या गृहस्थाला गरम वड्यांसाठी बाहेर घेऊन गेले.

कवीने ती कविता म्हटली. हातवारे नाहीत, चढउतार नाही. लहान मूल झोपलेल्या घरात बोलावं तसा आवाज. कुणाला शब्द कळला नाही, पण खुर्ची वाजली नाही. संपली. मी श्वास सोडला.

आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

नाट्यगीतांवर वाढलेलं गाव ते. जीव लागला की पुन्हा मागणारच. बघता बघता सगळं सभागृह मागू लागलं. कवी पांढराफटक पडला. लोक चिडलेत, असं त्याला वाटलं. त्याच वेळी तो गृहस्थ बोटं पुसत दारात आला. हे काय चाललंय, असं त्याने चिटणीसांना विचारलं. चिटणीसांनी अभिमानाने सांगितलं, वही कविता फिर से चाहिए.

"ज़रूर," गृहस्थ म्हणाला आणि पहिल्या रांगेत येऊन बसला.

मी कवीच्या कानात सांगितलं, तीच पुन्हा मागतायत. दुसरी म्हणा, हेही सांगितलं. त्याने त्या गृहस्थाकडे पाहिलं, मग लोकांकडे. आणि तीच म्हटली. गृहस्थाचं हसू जागचं हललं नाही. फोटोसाठी धरून ठेवतात तसं.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी, एका निवृत्त हेडमास्तरांनी, माईकवर जाहीर केलं की आता आपले मित्र या कवितेचा अर्थ सांगतील.

मित्र म्हणजे मी. हातात कागद नाही. समोर मराठी समजणारा गृहस्थ. आपण वाईट भाषांतर केलं तर एका माणसाच्या हातात फावडं येईल आणि चांगलं केलं तरी तेच, हे मला उभ्या उभ्या कळलं. मी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नातवाला, "बघ, यांना पाणी दे," असं सांगितलेलं मला ऐकू आलं.

मी सांगितलं, ही एका भावाची कविता आहे. धाकटा भाऊ फार दूरच्या डोंगरातून घरी येतो. आई पाणी तापवून ठेवते. तो दारात उभा राहतो, आणि एवढा उंच झालेला दिसतो की आईला पटकन ओळख पटत नाही.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काही बायका हसल्या, घरात कुणी आल्यावर हसतात तशा.

नंतर आम्ही शाळेच्या एका वर्गात बसलो. गृहस्थ आधी आला. "आपका अनुवाद अच्छा था," तो म्हणाला. "मुझसे पूछेंगे, तो मैं यही अर्थ बताऊँगा." तो मला वाचवत होता की बजावत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो गाडी बघायला गेला.

कवी लहान मुलांच्या बाकावर कसाबसा मावला होता. "काय सांगितलंत त्यांना?"

"भाऊ घरी आला, असं सांगितलं."

"कसा आला?"

"चालत," मी म्हणालो.

तो बाकावरची शाई बोटाने पुसत राहिला. मग त्याने विचारलं, तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात? मी मराठीत सांगितलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. खाली हॉर्न वाजला, तसा तो कोटाची बटणं लावत उठला.

गाडीचं मागचं दार त्या गृहस्थाने स्वतः उघडून धरलं होतं. कवी आत बसला, दार बंद झालं आणि काचेत मला फक्त माझाच चेहरा दिसला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, पाहुणे नीट गेले ना? मी म्हटलं, गाडीत बसले. पुढे तो देशच मोडला, त्याचं नावही बदललं. तो कवी पुन्हा कुठल्या मंचावर उभा राहिला का, हे मी भेटेल त्या रशियनाला विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. गाडीत बसले, एवढंच मला आजही माहीत आहे.