आईची तिथी

"हे वयामुळे होणारं विसरणं वाटत नाही. मला डिमेन्शियाची शंका आहे," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाणं. खात्रीसाठी त्यांनी न्यूरोसायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन सांगितलं. यात मानसतज्ज्ञ समोर बसवून स्मरण, लक्ष, भाषा तपासतात. आई शेजारीच होती, पदराच्या टोकाशी चाळा करत.

आठवड्यापूर्वी तिने पापलेटं साफ केली, आतली घाण टोपात ठेवली आणि मासे कचऱ्यात टाकले. उभा जन्म दिवाळे गावच्या मासळी बाजारात बसलेली बाई! दादाने तिचं बाजारात जाणं बंद केलं. तेव्हापासून तिचं एकच, "मना बाजारान जाव द्या."

"ही परीक्षा पास झालीस की जा," दादाने सांगून टाकलं.

सीवूड्सच्या क्लिनिकमधून फोन आला: चष्मा, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणा, झोप आणि नाश्ता झालेला हवा, घरात काय बदल दिसले ते आठवून ठेवा, उत्तरं मात्र पाठ करून घेऊ नका. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं ऐकाच. आमच्या शेजारणी आईला पंतप्रधानांचं नाव घोकायला लावत होत्या, त्यांना मी हाकललं.

पण मनातली आशा कुठे ऐकते? दादा म्हणाला, "तारीख तिला कवा म्हाईत व्हती गो? तिथी इचारायला सांग." बरोबरच होतं. आम्हा कोळ्यांचं पाणी तिथीवर चालतं. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही. आई कॅलेंडर न बघता तिथी सांगायची. ते एक मी घट्ट धरून ठेवलं. देवाजवळही तेवढंच मागितलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पुनव होती. तपासणीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास निघालो तेव्हा जेटीच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. आईने ठेवणीतलं लुगडं नेसून वेणी माळली होती. पायऱ्यांजवळ थांबून तिने पाण्याला हातही जोडले.

सुरुवातीला आम्हाला आत बसू दिलं. तपासणाऱ्या मानसतज्ज्ञ मॅडमनी तारीख विचारली. आई माझ्याकडे बघायला लागली.

"मॅडम, तिला तिथी विचारा ना," मी म्हटलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, आज तिथी कोणती? पाणी कसं आहे?"

आईचा चेहरा खुलला. "अष्टमी. भांग हाय. पानी पार खाली गेलंय."

दादाने मान भिंतीकडे वळवली. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून मी रडले. रिपोर्ट यायचा होता, पण मला कळून चुकलं होतं.

रिपोर्टमध्ये डिमेन्शियाच निघाला. मॅडमनी आम्हाला वेळ दिला, नीट समजावलं, त्यांचे उपकार आहेत. पण तपासणीची तयारी सांगणारे सगळे भेटतात; घरी आल्यावर तिला काय सांगायचं, ते कुणी सांगत नाही.

रिपोर्ट घेऊन परतताना रिक्षात आईने माझा हात धरला. "बाय, मी पास झाले ना गो?"

मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती वेणी माळून, मासळीची पाटी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती. आम्ही दार उघडायची वाट बघत.